अन्न-पारितोषिक प्रतिसाद

अन्नाची चाहूल लागताच व ते खाल्ल्यावर मेंदूत उमटणारा आणि तेच अन्न पुन्हा मिळवण्यास प्राण्याला प्रवृत्त करणारा प्रतिसाद. मध्यमेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या चेतापेशी, त्यांचे तंतू पोहोचतात तो अग्रमेंदूच्या तळाचा भाग आणि शरीरातच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये यांचा त्यात मुख्य वाटा असतो.

मेंदूच्या ठरावीक भागात विद्युत् अग्र बसवलेले उंदीर स्वतःच कळ दाबून उद्दीपन घेत राहतात, हे जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये माँट्रिऑल येथे दाखवले. पुढे डोपामीनला ‘सुखद्रव्य’ म्हणण्याचा प्रघात पडला. तो फारसा अचूक नाही. केंट बेरिज व सहकाऱ्यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ नष्ट केले, ते अन्नाकडे फिरकत नसत, पण तोंडात गोड द्रव सोडला की पूर्वीसारखेच ओठ चाटत. त्यामुळे ‘आवड’ आणि ‘ओढ’ वेगळ्या मानल्या जातात. डोपामीनचा संबंध मुख्यतः ओढीशी.

पिकलेल्या फळातील शर्करा म्हणजे ऊर्जा, कडू चव म्हणजे बहुधा वनस्पतिज विष. म्हणून नैसर्गिक निवडीने गोडाची ओढ टिकवली, असे सामान्यतः मानतात. मात्र ओढीचे जीवाश्म होत नाहीत, त्यामुळे पुरावा तौलनिक आहे. निव्वळ मांसाहारी मांजरकुळात गोड चवीच्या ग्राहीचे (चव ओळखणाऱ्या रेणूचे) एक जनुक निकामी झाल्याचे २००५ मध्ये आढळले. पक्ष्यांच्या पूर्वजांनीही ते गमावले होते. मधुरसावर जगणाऱ्या गुंजनपक्ष्यांत (हमिंगबर्ड) मांसल चवीचा ग्राहीच बदलून शर्करा ओळखू लागला (२०१४). तथापि सारे काही जिभेवर ठरत नाही. गोड चव न कळणारे जनुकबदल केलेले उंदीरही काही दिवसांत साखरेचे पाणीच पसंत करतात.

सुकाळात चरबी साठवून दुष्काळात तगवणाऱ्या जनुकांची निवड झाली, ही जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांची ‘काटकसरी जनुक’ कल्पना (१९६२) या संदर्भात नेहमी उद्धृत होते. मुळात ती मधुमेहाचे प्रमाण समजावण्यासाठी मांडलेली होती, खाण्याच्या ओढीसाठी नव्हे. जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांचा आक्षेप असा, की दुष्काळात मुख्यतः बालके व वृद्ध दगावतात, त्यामुळे चरबी साठवणाऱ्या जनुकांची निवड होण्यास तो दाब अपुरा ठरतो. त्यांच्या मते सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी शिकारी श्वापदांचे भय ओसरल्यावर लठ्ठपणाची वरची मर्यादा केवळ जननिक विचलनाने (निवडीविना, योगायोगाने होणाऱ्या जनुकीय बदलाने) सैल झाली असावी. आक्षेप वजनदार आहे, पण दोन्ही मते मेदसंचयाविषयी आहेत. मेंदूच्या प्रतिसादाला ती आडूनच लागू पडतात.

मेद व कर्बोदके भरपूर प्रमाणात एकत्र असणारे अन्न, दूध वगळता, निसर्गात विरळा. आपल्याकडील पेढा त्याच जातीचा. २०१८ मधील एका प्रयोगात, उष्मांक सारखे आणि आवडही सारखीच असताना, लोकांनी अशा मिश्र खाऊसाठी जास्त पैसे मोजण्याची तयारी दाखवली.