'नैसर्गिक कॅफीन' म्हणजे नेमके काय? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डब्यावर 'नैसर्गिक कॅफीन' असे छापलेले एनर्जी ड्रिंक अधिक सुरक्षित असते का, असे चहापूड आणि कॉफी घेण्यास येणारे ग्राहक आम्हाला वारंवार विचारतात. आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे.

कॅफीन कॉफीच्या बियांतून काढलेले असो वा युरियाच्या संयुगांपासून कारखान्यात घडवलेले असो, त्याचा रेणू एकच असतो आणि शरीरावर त्याचा परिणामही तोच होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी १८१९ मध्ये ते कॉफीतून वेगळे केले आणि त्यांच्याच देशाचे रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले, म्हणजे कृत्रिम कॅफीनलाही सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. 'नैसर्गिक' म्हणून पेयात घातले जाणारे कॅफीनही बहुधा कॅफीनमुक्त कॉफी बनवताना किंवा टाकाऊ चहापासून काढलेली, शुद्ध केलेली पांढरी भुकटीच असते. त्या पेयात चहा-कॉफीचे बाकीचे गुण उतरतात, असा त्याचा अर्थ नव्हे.

खरा फरक पडतो तो प्रमाणाने. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावे असा नियम आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन सुरक्षित मानले आहे. त्यात दिवसभराचा चहाही धरावा. घटकांच्या यादीत ग्वाराना (कॅफीनयुक्त बियांची एक दक्षिण अमेरिकी वेल) दिसल्यास तेही कॅफीनच समजावे. सुटी शुद्ध भुकटी मात्र कोणीही घरी आणू नये, कारण तिच्या एका चमच्यात काही हजार मिलिग्रॅम कॅफीन असते आणि ते जिवावर बेतू शकते. हे आम्ही कळकळीने सांगत आहोत.

घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारण ५ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या कॉफीने झोप उडत असल्यास दोष तिच्या वेळेचा असू शकतो. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या सुमारे दुप्पट कॅफीन असते आणि कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीच्या भाजलेल्या मुळांत ते मुळीच नसते. म्हणून ज्यांना सौम्य कॉफी हवी असेल त्यांनी दळण्यापूर्वी सांगावे, म्हणजे आम्ही अरेबिका आणि चिकोरीचे प्रमाण त्यानुसार ठरवून पाकिटावर लिहून देऊ.