धूर गेला, माळा उरला: सीमाभागातल्या साठवणीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घर आवरायच्या वस्तूंचा ब्रँड उभा करायचा, तर सुरुवात कपाटापासून करून चालणार नाही. इथलं घर वर्षाच्या बेगमीवर उभं होतं. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांत जोंधळा जमिनीखालच्या पेवात जाई. कानडीत त्यालाच हगेव म्हणतात. भिंतीत धान्याचं बळद, माजघरात मडक्यांची उतरंड, दुधा-लोण्याला शिंकं, कपड्यांना खुंटी आणि ट्रंक. उतरंडीतल्या कुठल्या मडक्यात काय आहे, हे घरातली बाई अंधारातही सांगे. खानापूरची माती या मडक्यांसाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे.

सगळ्यात शहाणी जागा मात्र माळ्याची, असं मला वाटतं. खाली चूल आणि वर माळा. बियाण्याची कणसं, लसणाच्या जुड्या, शेणी, जळण, सगळं धुरात राही. पश्चिमेकडं पाऊस लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. अशा हवेत तो धूरच कीड आणि बुरशी अडवत असे. पुढं गॅस आला, बायकांचे डोळे आणि छाती वाचली, ते फार चांगलं झालं. पण माळ्याची ऊब गेली. मग तिथं ओल धरली आणि नको असलेलं सामान वर टाकायची सवय लागली. आजच्या फ्लॅटमधला लॉफ्ट हा त्याच माळ्याचा वारस.

पत्र्याचं कपाट त्यामानानं अलीकडचं. गोदरेजनं १९२३ मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली. आपल्याकडं ते लग्नाच्या सामानातून घरोघर पोचलं. पितळेची जागा स्टीलच्या डब्यांनी घेतली. टपरवेअर १९९६ मध्ये भारतात आलं आणि बायकांच्या घरगुती बैठकांतून विकलं गेलं. आयकियाचं देशातलं पहिलं दुकान २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं, बेंगळुरूचं २०२२ मध्ये. या वस्तू आठवड्याचा बाजार भरणाऱ्या घरासाठी बेतलेल्या आहेत. वर्षाचे तांदूळ, चटणी, पापड-सांडगे ठेवणाऱ्या घराला त्या अपुऱ्या पडतात.

‘नको ते टाका’ हा सल्लाही इथं तसाच चालत नाही. जुन्या लुगड्याची वाकळ होई, उरलेले कपडे बोहारणीकडं जात आणि बदल्यात भांडं येई. नवरात्राआधी घरातलं अंथरूण-पांघरूण नदीवर धुवून निघे, कानाकोपरा झाडला जाई. वस्तू जायची, पण कुणाच्या तरी उपयोगाला जायची. बोहारीण येईनाशी झाली आणि ती वाट बुजली. कपाटं तुंबण्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

म्हणून पहिला माल ओल झेलणारा हवा: घट्ट झाकणाचे मोठे डबे, जमिनीपासून वीतभर उंच मांडण्या, वाकळा ठेवायला हवा खेळणाऱ्या पिशव्या. जुने कपडे परत घेऊन नव्या डब्यावर सूट देणारी योजना दसऱ्याच्या आधी, घरं झाडायच्या दिवसांतच सुरू करावी. आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या मराठी-कानडी दोन्हींत छापाव्यात. इथं सासूची चिठ्ठी मराठीत आणि शाळकरी नातवाची कानडीत असू शकते.