अर्धं उत्तर दुसऱ्याच्या टेबलावर

१९९८ साली अमेरिकेतले सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोनाथन झेर यांना पॅसिफिक महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला. हवेतला नायट्रोजन पकडून तो सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या कुठल्याशा जिवाणूचा तो होता, एवढं त्यावरून कळत होतं. जिवाणू मात्र काही केल्या दिसेना. ‘यूसीवायएन-ए’ असं कामचलाऊ नाव देऊन झेर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं त्याच्या मागावर राहिले.

तिकडे जपानच्या कोची विद्यापीठात क्योको हागिनो वेगळ्याच कारणासाठी समुद्राचं पाणी गोळा करत होत्या. त्या जीवाश्मांच्या अभ्यासक. एक समुद्री शैवाल त्यांना प्रयोगशाळेत वाढवायचं होतं आणि ते तग धरत नव्हतं. तीनशेहून अधिक वेळा पाणी आणून, दहा वर्षांहून जास्त खपून त्यांना ते जमलं. झेर ज्याचा नुसता डीएनए घेऊन बसले होते, तो जिवाणू याच शैवालाच्या पेशीत मुक्कामाला होता.

‘मुक्काम’ हा शब्दही २०२४ मध्ये मोडीत निघाला. क्ष-किरणांनी पेशीच्या आत डोकावलं तेव्हा दिसलं, की पेशी दुभंगायच्या आधी हा ‘पाहुणा’ही शिस्तीत दुभंगतो आणि दोन्ही लेकींच्या, म्हणजे नव्या पेशींच्या, वाट्याला एकेक येतो. शिवाय त्याला लागणारी बरीच प्रथिनं पेशीच बनवते आणि पाकिटावर पत्ता लिहावा तशी खूण जोडून त्याच्याकडे धाडते. ज्याचा शिधा यजमानाच्या कोठारातून येतो आणि ज्याची वाटणीही यजमानाबरोबरच होते, त्याला पाहुणा कसं म्हणायचं? तो पेशीचाच अवयव झाला. नाव ठेवलं नायट्रोप्लास्ट.

पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया आणि वनस्पतींचं अन्न बनवणारी हरितलवकं असेच कधीकाळी बाहेरून आलेले जिवाणू. त्यांना घरचं होऊन शंभर कोटींहून जास्त वर्षं लोटली. नायट्रोप्लास्ट सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्यांच्या मानाने कालपरवाच नांदायला आलेला. ‘हवेतला नायट्रोजन फक्त जिवाणूच पकडू शकतात’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आता दुरुस्त करावं लागेल. स्वतःचं खत स्वतःच बनवणारी पिकं येणार, असे मथळेही लगेच झळकले. ती मजल अजून फार लांब आहे.

मला यातलं मोठं आश्चर्य वेगळंच वाटतं. एकाकडे जनुक होतं पण पेशी नव्हती, दुसरीकडे पेशी होती पण आत कोण राहतं याचा पत्ता नव्हता, आणि मध्ये अख्खा महासागर.

भौतिकशास्त्रातल्या म्यूऑनची गोष्टही दोन टोकांचीच आहे. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा दोनशे पट जड भाऊ. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डोलतो. त्याच्या डोलण्याचा वेग सिद्धांताच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त आहे, असं अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये जाहीर केलं आणि नव्या, अज्ञात कणांची स्वप्नं पडू लागली. जून २०२५ मध्ये प्रयोगाचा अंतिम आकडा आला. त्यात अनिश्चितता होती एक अब्जात १२७ भाग, इतकी कमी. पण त्याच्या थोडंच आधी सिद्धांतवाल्यांनी महासंगणकांवर हिशेब नव्याने मांडला होता. नवा हिशेब प्रयोगाच्या आकड्यापाशी येऊन थांबला आणि तफावत जवळजवळ मिटली. घोडं प्रयोगात पेंड खात नव्हतंच, बहुधा जुन्या गणितात खात होतं. नवे कण हुकले म्हणून अनेकांना वाईट वाटलं. मला मात्र हा निकाल जास्त आवडला.

आकाशातलं उदाहरण थोडक्यात सांगतो. विश्व तीस कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हा निघालेला एका दीर्घिकेचा प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीने टिपला. पुढे २०२५ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींच्या निरीक्षणांतून दोन वेगळ्या गटांना तिथे ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजतो. म्हणजे इतक्या लवकर तिथे ताऱ्यांची एक पिढी जगून मेलीही होती.

कोणाचं काम कोणाच्या कानावर पडतं, यावर इतकं अवलंबून असेल, तर कचेऱ्यांमधल्या संवादावरचं संशोधनही याच पंगतीत बसतं. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांची २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतली माहिती तपासली गेली. सगळे घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटात घसट वाढली, पण दुसऱ्या गटांतल्या लोकांसाठी दिला जाणारा वेळ सुमारे पाव हिश्शाने घटला. म्हणून सगळ्यांना रोज कचेरीत बोलवा, असं म्हणणाऱ्यांनी २०२४ चा दुसरा अभ्यासही वाचावा. एका चिनी प्रवासकंपनीत सोळाशेहून अधिक जणांवर तो झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी खालावली नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं.

पण यातला सगळ्यात मजेदार प्रयोग मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा, २०२२ मधला. लोकांच्या जोड्या पाडल्या आणि एखाद्या साध्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवायला सांगितलं. काही जोड्या एका खोलीत समोरासमोर, काही व्हिडिओ कॉलवर. कॉलवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली निवडताना मात्र त्या मागे पडल्या नाहीत.

खोल्यांमध्ये संशोधकांनी मुद्दाम काही विचित्र वस्तू मांडून ठेवल्या होत्या. नंतर विचारलं, काय काय पाहिलंत? कॉलवरच्यांची नजर पडद्यातल्या चेहऱ्यावरच खिळलेली असल्याने त्यांना त्यातलं कमी आठवलं. आणि ज्यांचं लक्ष भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे, लिंबांनी भरलेल्या वाडग्याकडे गेलं होतं, त्यांच्याच कागदावर कल्पना जास्त होत्या.