शील्ड एकाची, करंडक दुसऱ्याचा: आयएसएल प्लेऑफची पार्श्वभूमी

१५ एप्रिल २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगच्या साखळीत अव्वल राहायला मुंबई सिटीला फक्त बरोबरी पुरणार होती. तीही मिळाली नाही. मोहन बागानने सामना २-१ असा घेतला, ४८ गुणांवर साखळी संपवली आणि गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याची शील्ड उचलली. मुंबई ४७ वर अडकली. बरोबर १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. या वेळी मुंबईने ३-१ ने बाजी मारली आणि करंडक घरी आणला. दोन्ही सामने निर्णायकच होते. पण चॅम्पियन ठरवताना पहिला बाजूला ठेवायचा आणि दुसराच धरायचा, असं नियम सांगत होता. तो असं का सांगत होता आणि दुसरं काही सांगू शकला असता का, हा प्रश्न आयएसएलच्या पहिल्या मोसमापासून या लीगला चिकटलेला होता.

त्याआधी हा प्रश्नच नव्हता. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, आणि या काळात चॅम्पियन ठरवण्याचा रिवाज एकच होता: मोसमाच्या शेवटी गुणतक्त्यात जो वर, तो विजेता. धेंपो किंवा चर्चिल ब्रदर्स विजेते झाले तेव्हा ‘कुठल्या अर्थाने विजेते’ असं कुणी विचारलं नाही. तक्त्यावर निकाल लावला की शेवट बेचव होतो, हा आक्षेपही टिकणारा नाही. मे २०१५ मध्ये आय-लीगचा शेवटचा सामना बेंगळुरूत झाला. बेंगळुरूला विजय हवा होता, मोहन बागानला बरोबरी. बागान एका गोलने मागे होते आणि ८७ व्या मिनिटाला कॉर्नरवरच्या हेडरने १-१ झालं. कुणीही ‘फायनल’ नाव न देता ती फायनल झाली.

आयएसएलने मात्र २०१४ मध्ये क्रिकेटकडे पाहून पाट मांडला. आठ संघ, प्रत्येकी १४ सामने, वरचे चार उपांत्य फेरीत, तिथे घरचा आणि बाहेरचा असे दोन लेग, मग एक अंतिम सामना. पण क्रिकेटची नक्कल करताना एक गंमत झाली. आयपीएलने सरळ उपांत्य फेरीची पद्धत पहिल्या तीन मोसमांतच वापरून टाकून दिली होती. २०११ पासून तिथे क्वालिफायर आणि एलिमिनेटर आले, म्हणजे पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये ही पद्धत १९३१ मध्येच आली होती. आयएसएलने तीन वर्षांनी दुकान थाटलं ते आयपीएलच्या जुन्या मालावर. कारण उघड असावं: दोन लेग ठेवले की चारही शहरांत घरचा एक सामना होतो, तिकिटं विकली जातात, टीव्हीलाही दोन रात्री जास्त मिळतात.

याचा परिणाम पहिल्याच मोसमात दिसला. चेन्नईयिन २३ गुणांनी अव्वल होता, गोवा २२ गुणांनी दुसरा. कोलकात्याचा एटीके आणि केरला ब्लास्टर्स प्रत्येकी १९ गुणांनी तिसरे-चौथे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना रंगला तो तिसऱ्या आणि चौथ्याचा! गोवा एटीकेविरुद्ध दोन्ही लेगमध्ये एकही गोल न खाता शूटआउटमध्ये बाहेर पडला. आयपीएलची पद्धत असती तर पहिला क्वालिफायर चेन्नई-गोवा झाला असता आणि त्यातला जिंकणारा थेट अंतिम फेरीत गेला असता. म्हणजे तिसरा-चौथा अंतिम सामना त्या पद्धतीत होऊच शकत नाही. हा अंदाज नव्हे, साधा हिशेब आहे.

इथून पुढे मात्र जर-तरचा प्रांत सुरू होतो, आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे ध्यानात ठेवूनच पुढे जायला हवं. जुन्या मोसमांवर नवी पद्धत लावणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. निकाल तेच राहतील असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या चारांत जागा पक्की झाली की प्रशिक्षक प्रमुख खेळाडूंना बाकावर बसवतात, पिवळी कार्डं सांभाळतात, शेवटचे दोन सामने तालमीसारखे खेळतात. विजेतेपद तक्त्यावर ठरणार असतं तर ते तसं वागले नसते. तेव्हा ‘तक्त्यावर गेलं असतं तर गोवा दोनदा विजेता’ हे वाक्य दिसतं तितकं भक्कम नाही. तरी ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

कारण २०१५ चा अंतिम सामना. २५ गुणांनी अव्वल ठरलेला गोवा, समोर तिसऱ्या क्रमांकाचा चेन्नईयिन, आणि मैदान फातोर्डाचं, म्हणजे गोव्याचं घर. (चेन्नईत त्या डिसेंबरात महापूर होता. त्यांचा उपांत्य फेरीतला घरचा सामना पुण्यात बालेवाडीला हलवावा लागला होता.) ८७ व्या मिनिटाला गोव्याने फ्री किकवर २-१ केलं तेव्हा मडगावात फटाके बाहेर निघाले असतील. मग ९० व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाच्या हाताला लागून चेंडू गोलात गेला, आणि भरपाई वेळेत चेन्नईच्या कोलंबियन आघाडीपटूने तिसरा गोल केला. तीन-चार मिनिटांत संपूर्ण मोसम उलटा झाला. प्लेऑफचे समर्थक याच सामन्याकडे बोट दाखवून ‘हीच तर मजा’ म्हणतात, आणि विरोधकही याच सामन्याकडे बोट दाखवतात.

पुढच्या वर्षी पाळी मुंबईची. २०१६ मध्ये मुंबई सिटी २३ गुणांनी पहिली, एटीके २० गुणांनी चौथी. कोलकात्यातल्या पहिल्या लेगमध्ये मुंबई २-३ ने हरली आणि तिच्या उरुग्वेच्या विश्वचषकवीराला दुसरं पिवळं कार्ड मिळाल्याने परतीच्या सामन्याला तो मुकला. अंधेरीत एटीकेचा एक खेळाडू मध्यंतराआधीच लाल कार्डाने बाहेर गेला होता, तरी दहा जणांविरुद्ध मुंबईला एक गोल करता आला नाही. ०-०. चौथ्या क्रमांकाचा संघ पुढे गेला आणि कोचीत केरलाला शूटआउटमध्ये हरवून विजेताही झाला. २०१७-१८ मध्ये संघ दहा आणि सामने १८ झाले. बेंगळुरूने ४० गुण मिळवले, दुसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईयिनपेक्षा तब्बल आठ जास्त, आणि स्वतःच्याच मैदानावर त्याच चेन्नईयिनकडून ३-२ ने अंतिम सामना गमावला. १४ सामन्यांच्या मोसमात एका गुणाची आघाडी नशिबाची असू शकते, तिथे प्लेऑफची बाजू घेता येते. १८ सामन्यांनंतर आठ गुणांची आघाडी पुसून टाकायला कोणता युक्तिवाद पुरणार?

तक्त्यात पहिला आणि करंडकाचा विजेता एकच, असं पहिल्यांदा २०१८-१९ मध्ये घडलं. बेंगळुरूने अंधेरीत जादा वेळेत गोव्याला १-० ने हरवलं. २०१४ ते २०२४-२५ या ११ मोसमांत हे एकूण तीनदाच झालं: बेंगळुरू, २०२०-२१ ची मुंबई आणि २०२४-२५ चं मोहन बागान. उरलेल्या आठांत चार वेळा दुसरा, तीन वेळा तिसरा आणि एकदा चौथा संघ करंडक घेऊन गेला.

आता ‘शील्ड’बद्दल, कारण सगळी गुंतागुंत त्या शब्दात आहे. २०१९-२० मध्ये आयएसएलला देशाची अव्वल लीग म्हणून मान्यता मिळाली आणि सोबत आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटसाखळीची जागा आली. ती कुणाला द्यायची? तोवर करंडकाचा विजेता आशियाच्या दुय्यम स्पर्धेत जात असे. चेन्नईयिन २०१९ मध्ये तसाच गेला. पण या खेपेस निर्णय झाला की जागा तक्त्यात पहिल्या येणाऱ्याला, आणि त्याच मोसमात त्याच्यासाठी ‘लीग विनर्स शील्ड’ही आली.

नाव नीट वाचा. लीग विनर्स, म्हणजे लीग जिंकणारे. मग अंतिम सामना जिंकणारे कोण? तेही लीगचेच चॅम्पियन. मराठीत हा घोळ आणखी फजितीचा होतो, कारण आपल्याकडे ‘विनर’ही विजेता आणि ‘चॅम्पियन’ही विजेता. लिहिणाऱ्याला मग ‘साखळी फेरीतील अव्वल’, ‘गुणतक्त्यातील अग्रस्थान’ अशा कसरती कराव्या लागतात, आणि इतकं लांबण लावलं की तो मान दुय्यम वाटायला लागतो. त्यात शील्ड म्हटलं की मुंबईकराला शाळकरी क्रिकेटची हॅरिस शील्ड आठवते. आशियाच्या दृष्टीने खरा मानकरी शील्डवाला, पण कंफेटी उडायची ती करंडकावर. बक्षिसाच्या रकमेतही हीच उतरंड होती: सुरुवातीला शील्डला ५० लाख आणि करंडकाला आठ कोटी. २०२१-२२ मध्ये शील्डचे साडेतीन कोटी झाले, करंडकाचे सहा कोटींवर आले. दरी घटली खरी, पण पाटाचा क्रम तोच राहिला.

पहिली शील्ड गोव्याला मिळाली, ३९ गुणांवर, दुसऱ्यापेक्षा पाच गुण पुढे. उपांत्य फेरीत तो पुन्हा चेन्नईयिनकडूनच बाद झाला. चेन्नईत १-४, फातोर्डाला ४-२, एकूण ५-६. तरीही एप्रिल २०२१ मध्ये गोवा आशियाच्या त्या सर्वोच्च स्पर्धेच्या, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला आणि पहिल्याच सामन्यात कतारच्या अल रय्यानला ०-० असं रोखलं. माझ्या मते आयएसएलच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. पण तो अर्ध्यावर थांबला. शील्डलाच विजेतेपद म्हणायचं आणि करंडकाला वेगळी स्पर्धा म्हणून वेगळं नाव द्यायचं, हे धैर्य कुणी दाखवलं नाही.

२०२२-२३ मध्ये उलट दिशेने पाऊल पडलं. चारऐवजी सहा संघ: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा असे एकेक बाद सामने, वरच्या संघाच्या मैदानावर. पहिल्याच वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ३ मार्च २०२३, बेंगळुरू, ९० मिनिटांनंतर ०-०. जादा वेळेच्या सातव्या मिनिटाला फ्री किक. केरलाची भिंत उभी राहतेय, गोलरक्षक पुढे येऊन ती लावतोय, तेवढ्यात बेंगळुरूच्या अनुभवी आघाडीपटूने चेंडू गोलात टाकला. रेफ्रींनी गोल धरला. केरलाच्या प्रशिक्षकाने संघ मैदानाबाहेर नेला तो नेलाच. सामना पुन्हा खेळवण्याची मागणी फेटाळली गेली, क्लबला चार कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी आली.

आता जुनी पद्धत लावून पाहा. चारच संघ असते तर पाचवा केरला तिथे नसताच, आणि उपांत्य फेरी मुंबई-बेंगळुरू व हैदराबाद-एटीके मोहन बागान (मोहन बागानचं तेव्हाचं नाव) अशी झाली असती. प्रत्यक्षात नेमकी हीच झाली! पुढच्या वर्षीही तेच: दोन बाद सामन्यांनंतर उरले ते पहिले चारच. तिसऱ्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, बेंगळुरूने सहाव्या मुंबईला ५-० ने धुतलं, आणि पाचव्या जमशेदपूरने शिलाँगमध्ये चौथ्या नॉर्थईस्टला २-० ने हरवलं. तीन मोसमांत सहा बाद सामने, त्यात वरचा संघ हरला तो एवढाच एकदा. पुढे जमशेदपूर उपांत्य फेरीत मोहन बागानकडून हरला. सहाव्या जागेचा खरा उपयोग साखळीच्या शेवटच्या महिन्यात व्हायचा, तक्त्याच्या मध्यापर्यंतच्या संघांना आशा राहायची. हा फायदा होता, पण तो विजेता ठरवण्याचा नव्हता.

मधेच आणखी एक प्लेऑफ जन्माला आला होता, तो फार कुणी लक्षात ठेवत नाही. आशियाचं वेळापत्रक बदललं, त्यामुळे एका जागेसाठी दोन मोसमांचे शील्डवाले दावेदार झाले: २०२१-२२ चा जमशेदपूर आणि २०२२-२३ ची मुंबई. ४ एप्रिल २०२३ रोजी केरळात मंजेरीला दोघांचा एक सामना लावला गेला आणि मुंबई ३-१ ने जिंकली. एका मोसमाच्या अव्वल संघाला दुसऱ्या मोसमाच्या अव्वल संघाशी भिडवण्याची कल्पना मी कुठल्या जर-तरच्या यादीत वाचली असती तर हसलो असतो.

शील्डची यादी २०१९-२० पासून सुरू होते. २०१४ चा चेन्नईयिन, २०१५ चा गोवा, २०१६ ची मुंबई आणि त्यापुढच्या दोन मोसमांतलं बेंगळुरू हेही तक्त्यात पहिलेच होते, पण त्या यादीत ते नाहीत. बेंगळुरूकडे निदान २०१९ चा करंडक आहे, चेन्नईयिनकडे दोन, मुंबईकडे दोन. गोव्याच्या कपाटात आयएसएलची वस्तू म्हणून २०२४-२५ पर्यंत ती एक शील्डच होती.