बिलावरचा ‘पेट्रन’ आणि त्याच्या पोटातला बाप

जूनमध्ये पाचोऱ्याच्या एका कृषी केंद्रात कपाशीचं बियाणं घ्यायला गेलो होतो, कॉलेजात शिकणारा भाचा सोबत होता. बिलाच्या तळाशी इंग्रजीत छापलेलं : ‘थँक यू फॉर युवर पेट्रनेज’. भाचा बुचकळ्यात पडला. त्याला ‘पेट्रनाइझ’चा एकच अर्थ माहीत, समोरच्याला अडाणी धरून गोडगोड बोलणं. ‘मामा, हे आपल्याला काय म्हणताहेत?’

बिलावर ‘पेट्रनेज’ म्हणजे नेमाने गिऱ्हाईक होणं, भाच्याच्या डोक्यात हिणवणं; अर्थ दोन्ही खरे. मुळात आहे लॅटिन ‘पातेर’, म्हणजे बाप. आपला ‘पितृ’, इंग्रजांचा ‘फादर’ आणि हा ‘पातेर’ सख्खे भाऊ. इंग्रजीच्या घराण्यात आरंभीच्या ‘प’चा ‘फ’ झाला, जसा ‘पाद’चा ‘फूट’. बापासारखा पाठीशी उभा राहणारा तो ‘पात्रोनुस’. प्राचीन रोममध्ये असा बडा माणूस आपल्या आश्रितांची कोर्टात बाजू मांडायचा, अडीनडीला पैसे द्यायचा. बदल्यात आश्रितांनी सकाळीच त्याच्या दारी हजेरी लावायची. या आश्रिताला म्हणत ‘क्लिएन्स’. आजच्या वकिलाचा ‘क्लायंट’ तोच. गुलामाला मुक्त केलं, तरी जुना मालक त्याचा ‘पात्रोनुस’ म्हणून उरायचाच. सुटला, पण पुरता सुटला नाही.

(बापाचा कित्ता गिरवायचा, म्हणून याच शब्दातून ‘पॅटर्न’ही निघाला. ‘लातूर पॅटर्न’ म्हणताना आपल्या हे ध्यानीमनी नसतं.)

इंग्रजीत ‘पेट्रन’ फ्रेंचमधून आला. त्याचं क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळलं, तेव्हा अर्थ सरळ होता : आश्रय देणे. तो नासला कसा, हे इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनकडे पाहिलं की कळतं. 1747 मध्ये त्याने आपल्या नियोजित शब्दकोशाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफिल्ड या उमरावाला उद्देशून लिहिला. उमरावाने पुढे वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नाही; कोश हातावेगळा होत आला तेव्हा मात्र कौतुकाचे लेख लिहिले. फेब्रुवारी 1755 मध्ये जॉन्सनने त्याला पत्र धाडलं. त्याचा आशय असा : माणूस पाण्यात गटांगळ्या खात असताना काठावरून थंडपणे बघणारा, आणि तो किनाऱ्याला लागला की मदतीचं लोढणं त्याच्या गळ्यात अडकवणारा, तोच ना आश्रयदाता? त्याच वर्षी निघालेल्या कोशातही ‘पेट्रन’पुढे त्याने नोंदवून ठेवलं : बहुधा असा हलकट, जो मगरुरीने मदत करतो आणि मोबदल्यात खुशामत घेतो. शब्दकोशात इतका खासगी राग क्वचितच सापडतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रियापदालाही हा कडवटपणा चिकटला. चांगला अर्थ असा घसरला की भाषाशास्त्रात त्याला ‘अर्थापकर्ष’ म्हणतात. त्याच सुमारास दुकानाचं नेमाने गिऱ्हाईक होणं हाही अर्थ आला. या अर्थात आश्रयदाता गिऱ्हाईक. आपल्याकडचं ‘मायबाप गिऱ्हाईक’ याहून वेगळं काय?

शब्द तोच, सूर बदलला की अर्थ उलटा, हे आम्हा खान्देशातल्यांना इंग्रजीतून शिकायला नको. ‘ये भो, बैस’ यातला ‘भो’ मायेचा. ‘ऱ्हाऊ दे भो, तुले नई समजाव’ यातलाही ‘भो’च, पण ऐकणारा जागच्या जागी लहान होतो. नातं तेच ठेवून माणसाला खाली बसवायचं, हीच ‘पेट्रनाइझ’ची करामत.

तर बिलाप्रमाणे त्या दिवशी बाप आम्ही होतो. पण बियाणं उधारीवर होतं, कापूस घरात येईस्तोवर. शिवाय काउंटरपुढे सकाळपासून आमच्यासारखेच पाचसहा जण टोप्या सावरत ताटकळत उभे होते. रोमच्या त्या दारातलं दृश्य फार निराळं नसावं. भाच्याने धीर करून शेठना विचारलंच, ही ओळ कशासाठी? त्यांनी चष्मा वर करून बिल पहिल्यांदाच तळापर्यंत वाचलं.

‘ती प्रेसवाल्यानेच टाकलेली आहे,’ ते म्हणाले आणि वही माझ्यापुढे सरकवली, ‘भाऊ, तुम्ही सही करा इथं.’