लॅपटॉपवरील केबल व वायफाय कार्डांची मांडणी (युनिक्ससदृश प्रणाली)

अनेक लॅपटॉपवर नेटवर्कची दोन कार्डे वापरात असतात: केबलचे इथरनेट आणि वायफाय. ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी, लिनक्स या प्रणालींत दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. डीएचसीपीतून (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) प्रत्येक कार्डाला स्वतंत्र आयपी पत्ता आणि डीफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा ठरलेला मार्ग) मिळतो. मग बाहेर जाणारे पॅकेट (डेटाचा तुकडा) कोणत्या रूटने पाठवायचे, हा या मांडणीतला कळीचा प्रश्न आहे.

रूटांना प्राधान्यक्रम देणे हा साधा उपाय. आकडा लहान असेल तो रूट आधी निवडला जातो. लिनक्सवरील नेटवर्कमॅनेजर केबलच्या रूटला १०० आणि वायफायच्या रूटला ६०० मेट्रिक (प्राधान्याचा आकडा) आपणहून देतो; ओपनबीएसडीत असे आकडे कार्डांना असतात, इथरनेटला ० आणि वायफायला ४. पण टीसीपी जोडणी (दोन संगणकांतली सलग जोडणी) दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांशी बांधलेली असते. केबल काढली की तिच्या पत्त्यावरून उघडलेले एसएसएच सत्र (दूरच्या संगणकावर काम करण्याचे) अडकते. ब्राउझरपुरते काम असणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. दूरच्या सर्व्हरवर तासन्‌तास काम करणाऱ्याला मात्र फार जाचते.

म्हणून लॅपटॉपसाठी दोन्ही कार्डे एका आभासी कार्डाखाली बांधणे अधिक चांगले. ओपनबीएसडीत हे काम ट्रंक करतो. राइक फ्लोटर यांनी लिहिलेला हा ड्रायव्हर २००५ साली ३.८ या आवृत्तीत आला, आणि फ्रीबीएसडीचा लॅग (lagg) ड्रायव्हर त्याच्यावरूनच तयार झाला. फेलओव्हर पद्धतीत आधी जोडलेले कार्ड मुख्य ठरते. ते बंद पडले की पुढचे चालू कार्ड काम उचलते. आयपी पत्ता ट्रंककडे असल्याने केबल काढली तरी तो बदलत नाही आणि सत्र टिकते. ओपनबीएसडीत प्रत्येक कार्डाची स्वतंत्र सेटिंग फाइल असते: इथरनेटच्या फाइलीत फक्त ते चालू करण्याची आज्ञा, वायफायच्या फाइलीत नेटवर्कचे नाव व पासवर्ड, आणि पत्ता मागण्याची ओळ केवळ ट्रंकच्या फाइलीत, एवढीच मांडणी. ती ओळ कार्डांच्या फाइलींत राहून गेली तर पत्ते पुन्हा वेगळे होतात.

वायफाय ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्याशी (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) जोडला गेला त्याच्याच फ्रेम (डेटाचे तुकडे) स्वीकारतो, त्यामुळे दोन्ही कार्डांचा मॅक पत्ता एकच हवा. ट्रंक हे स्वतः सांभाळतो. फ्रीबीएसडीत वायफायचा मॅक पत्ता इथरनेट कार्डाला हाताने द्यावा लागतो.

केबल आणि वायफाय एकाच लॅनवर (स्थानिक नेटवर्कवर) असतील तरच ही पद्धत चालते. घरच्या राउटरवर सहसा तसेच असते. कार्यालयात वायफायसाठी वेगळे व्हीलॅन (आभासी स्थानिक नेटवर्क) असेल, तर जुना पत्ता तिथे निरुपयोगी ठरतो आणि प्राधान्यक्रमाचा उपायच वापरावा लागतो.