मोठेपणी स्कीइंग शिकताना मजा का येत नाही

स्कीइंग शिकायला गेलेल्या मोठ्या माणसाला मजा आली नाही तर तो घाबरट आहे नाहीतर अनफिट आहे असं सरसकट धरलं जातं, आणि मला ते अजिबात पटत नाही. पुण्यातून हल्ली बरेच जण जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औलीला कोर्सला जातात, फोटो एकदम भारी येतात, सगळे लाईक करतात, आणि मग कधीतरी चहा पिताना कोणीतरी हळूच म्हणतं की खरं सांगू का, नाही आवडलं. आणि असं म्हणणारी माणसं बऱ्याचदा चांगली दणकट असतात, रविवारी पहाटे सिंहगड चढून दही खाऊन ऑफिसच्या कॉलला हजर होणारी. माझी ताई त्यातलीच, चाळिशी ओलांडलेली, सह्याद्रीतले बहुतेक गड पायाखाली घातलेली. गुलमर्गहून आल्यावर ती म्हणाली, "अरे, पाय माझं ऐकतच नव्हते." मला हे वाक्य फार नेमकं वाटतं. सह्याद्रीत तयार झालेलं शरीर स्कीवर जास्तच गोंधळतं, आणि का गोंधळतं हे बऱ्यापैकी नीट सांगता येतं.

घर्षणापासून सुरू करू कारण बाकी सगळं तिथूनच निघतं. कोरड्या कातळावर बऱ्या सोलच्या बुटाचा घर्षण गुणांक ०.६ तरी असतो, म्हणजे ३० अंशांच्या उतारावर नुसतं उभं राहिलं तरी माणूस घसरत नाही. वॅक्स लावलेल्या स्कीचा बर्फावरचा गुणांक साधारण ०.०५, बर्फ कसा आहे त्यावर थोडा इकडेतिकडे. म्हणजे २० मीटरला १ मीटर उतार, जेमतेम ३ अंश, एवढ्यावर स्की आपली आपण चालायला लागते. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगचा रॅम्प याहून उभा असतो. आता नवशिक्यांचा उतार ७ अंशांचा धरा आणि काहीही न करता त्यावर स्की सरळ खाली सोडा, १० सेकंदांत वेग ताशी २५ किलोमीटर होतो, हे अकरावीच्या फिजिक्सचं गणित आहे, कागदावर करून बघा. बघणाऱ्याला तो उतार सपाट मैदान वाटतो आणि उभ्या असलेल्याला कडा वाटतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण पायाखालचं घर्षण वेगळं आहे.

बर्फ एवढा निसरडा का, याचं शाळेत सांगितलेलं कारण म्हणजे वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. ते स्कीला लागू पडत नाही. बर्फाचा वितळणांक फक्त १ अंशाने खाली आणायला वातावरणाच्या १३० पट वगैरे दाब लागतो, आणि स्की तर मुद्दाम वजन पसरवायलाच बनवलेली असते. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये दाखवलं की घसरताना घर्षणातून जी उष्णता तयार होते तीच पाण्याचा पातळ थर करते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की बर्फाचा पृष्ठभाग मुळातच थोडा सैल असतो, सगळ्यात वरचे रेणू घट्ट बांधलेले नसतात. असो, हा विषय मोठा आहे.

आता आपला घसारा. राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना मुरूम सुटलेला असला की आपण काय करतो, टाच रोवतो, गुडघे वाकवतो, वजन मागे टाकतो, वेळ आली तर सरळ बसून घेतो. हे कोणी शिकवत नाही, चार-दोनदा घसरलं की शरीर शिकतं आणि पुन्हा विसरत नाही. इथे मागे झुकणं शहाणपणाचं असतं कारण टाचेला पकड मिळते. स्कीला टाच नाही. स्की वळते ती पुढच्या भागाने, टोकाकडे आणि शेपटीकडे ती रुंद असते आणि मधे अरुंद, त्यामुळे एजवर, म्हणजे तिच्या धातूच्या कडेवर, कलून दाबली की ती वाकते आणि तिचा चाप होतो, त्या चापावर माणूस वळतो. वजन मागे गेलं की टोक हलकं पडतं, बर्फ धरत नाही, वळण सुरूच होत नाही, आणि स्की सरळ उताराने खाली पळते. मग वेग वाढतो, वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे झुकतो. गुलमर्गचे इन्स्ट्रक्टर दिवसभर "आगे झुको, पीछे मत बैठो" ओरडत असतात ते यासाठी. पण विचार करा, खाली घसरत असताना उताराच्या दिशेने पुढे झुकायचं, हे आयुष्यभर ज्या गोष्टीने वाचवलं तिच्या बरोबर विरुद्ध आहे. सह्याद्रीत जेवढी वर्षं गेली तेवढी ती सवय पक्की, म्हणून ताईला ते एखाद्या कधीच डोंगर न चढलेल्या माणसापेक्षा कठीण गेलं असेल तर मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

याच्याही खाली एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त रंजक वाटते. 'खाली' कुठे आहे हे आपल्याला कळतं ते आतल्या कानातल्या यंत्रणेमुळे, तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते गुरुत्वाने सरकतात आणि मेंदूला दिशा कळते. पण ही यंत्रणा गुरुत्व आणि त्वरण यांत फरक करू शकत नाही. घर्षण जवळजवळ नसलेल्या उतारावर माणूस मोकळा घसरत असताना त्याला जाणवणारं 'खाली' हे उताराला काटकोनात असतं, म्हणजे कान सांगतो की आपण सपाटीवर उभे आहोत, आणि डोळ्यांना समोरची झाडं तिरकी दिसतात. मग घाबरून स्नोप्लाऊ केला, म्हणजे दोन्ही स्कीची टोकं जवळ आणून मागचा भाग फाकवला, वेग स्थिर झाला, की त्वरण संपतं आणि 'खाली' पुन्हा खऱ्या खालच्या दिशेला येतं. नवशिका दर चार-पाच सेकंदांनी ब्रेक लावतो आणि सोडतो, म्हणजे तेवढ्या वेळा त्याचं 'खाली' उताराच्या कोनाएवढं पुढे-मागे हलतं. गड उतरताना असं कधी होत नाही, तिथे पाय पकडलेले असतात आणि आपण हळू असतो. ज्याने हे आधी कधी अनुभवलं नाही त्याचा मेंदू डोळे खरे की कान खरे यात अडकणारच.

त्यात स्कीचे बूट. सपाट जमिनीवर उभे असताना तोल सांभाळण्याचं बरंचसं बारीक काम घोटा करतो, आपल्या लक्षातही येत नाही. फे होराक आणि लुईस नॅशनर यांनी १९८६ मध्ये हे फार छान दाखवलं होतं, लोकांना उभं करून पायाखालची जमीन जराशी सरकवायची आणि कुठला स्नायू आधी चालू होतो ते बघायचं. रुंद जमिनीवर लोक घोट्याने सावरतात, आणि पावलापेक्षा आखूड पट्टीवर उभं केलं की कमरेतून सावरायला लागतात, पण हा बदल लगेच होत नाही, बऱ्याच खेपा जाव्या लागतात. स्की बूट घोट्याला प्लास्टर घातल्यासारखा धरून ठेवतो कारण पायाची हालचाल थेट एजपर्यंत पोचली पाहिजे. म्हणजे सगळ्यात सरावाच्या सांध्याचं काम बंद, आणि जे काम करायचं ते गुडघा आणि कंबर यांनी, तेही नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. पाय ऐकत नाहीत असं वाटतं ते इथे.

मागे बसण्याचा आणखी एक तोटा आहे आणि तो सरळ दवाखान्यात नेणारा आहे. मागे तोल गेला, कंबर गुडघ्यांच्या खाली गेली आणि सगळा भार खालच्या बाजूच्या स्कीच्या शेपटीवर आला की ती शेपटी तरफेसारखी गुडघ्याला पिळते आणि आतला एसीएल लिगामेंट फाटतो. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये एटलिंगर, जॉन्सन आणि शीली यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं, आणि स्की पेट्रोल (उतारावर गस्त घालणारं बचाव पथक) आणि इन्स्ट्रक्टर लोकांना ही पडण्याची पद्धत ओळखायला शिकवल्यावर त्यांच्या गंभीर गुडघा-दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या, हे त्यांनी १९९५ मध्ये छापलं. त्यातला मुख्य सल्ला असा की पडायला लागलात तर पडा, उठायची धडपड घसरत असताना करू नका.

आणि पडण्याचंच बोलायचं तर मुलांशी तुलना कृपा करून थांबवा. २० किलोच्या मुलाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर, ७० किलोच्या माणसाचा साधारण ९५ वर. उभ्याने पडताना मुलाची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल, मोठ्याची सुमारे ६५०, पाचपटीहून जास्त, आणि हाडांची जाडी काही पाचपट नसते. सहा वर्षांचं पोर धपकन पडतं आणि हसत उठतं आणि आपण उठत नाही, यात हिमतीचा भाग फार थोडा आहे. शिवाय मोठ्या माणसाला माहीत असतं की पाय मोडला तर हिंजवडीला जाणार कोण, आईला डॉक्टरकडे नेणार कोण, ईएमआय कसा जाणार. ही भीती हिशेबी आहे आणि हिशेब बरोबर आहे.

पण भीती कितीही बरोबर असली तरी शरीरावर काम करताना ती वाईटच करते. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन याने सांगितलं होतं की नवीन हालचाल शिकताना माणूस सुरुवातीला सांधे गोठवून टाकतो, कारण एवढे सगळे सांधे एकाच वेळी सांभाळणं मेंदूला झेपत नाही. १९९२ मध्ये फेराइकेन आणि सहकाऱ्यांनी हे स्की सिम्युलेटरवरच, म्हणजे ज्यावर उभं राहून डावी-उजवीकडे सरकायचं अशा चाकांच्या यंत्रावर, तपासलं आणि तसंच दिसलं, आधी कडक, मग सरावाने हळूहळू सैल. कडक शरीर बर्फावरचा प्रत्येक उंचवटा थेट डोक्यापर्यंत नेतं. कडक मांड्या थकतात कारण स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठाच कमी होतो, मागे बसलं की अजून जास्त. आणि हे सगळं गुलमर्गला २,६५० मीटरवर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जरा कमीच असतो, ५६० मीटरवरच्या पुण्यातून आदल्या दिवशी विमानाने आलेल्या माणसाला. धाप लागते म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शिकवण्याची पद्धतही बघितली पाहिजे. मोठी माणसं सूचना समजून घेऊन शिकतात, गुडघा इथे, खांदा तिथे, वजन वळणाच्या बाहेरच्या पायावर, आणि मग प्रत्येक वळणाला ती यादी मनात म्हणत राहतात. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग छापला, पुन्हा स्की सिम्युलेटरच. एका गटाला सांगितलं की बाहेरच्या पायाने जोर लावा, दुसऱ्याला सांगितलं की बाहेरच्या चाकांवर जोर लावा, ही चाकं पायाखालीच होती, म्हणजे सूचना जवळजवळ एकच. चाकांकडे लक्ष दिलेला गट जास्त चांगलं शिकला. स्वतःच्या अवयवाकडे लक्ष गेलं की आपोआप होणारी हालचाल मधेच अडते, बाहेरच्या वस्तूकडे लक्ष असलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. म्हणून इन्स्ट्रक्टरला विचारायचंच असेल तर पाय कसा ठेवू हे विचारू नका, स्कीचं टोक कुठे न्यायचं आणि नजर कुठे ठेवायची ते विचारा. आणि अजिबात संकोच न करता अजून सपाट उतार मागा, मित्र वर गोंडोलाने (केबल कारने) गेले तर जाऊ दे.

आता मजेबद्दल. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांपासून आपल्याला माहीत आहे की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी अपेक्षेपेक्षा चांगलं काही घडलं की जोरात चालतात आणि अपेक्षेपेक्षा वाईट घडलं की मंदावतात. पुण्यातून निघताना अपेक्षा काय असते, पांढऱ्याशुभ्र उतारावरून झोकात वळणं घेणारा माणूस. आणि प्रत्यक्षात पहिले दिवस जातात बूट घालण्यात, तिरकं चढण्यात, पडण्यात आणि पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठण्यात. प्रत्येक खेप अपेक्षेच्या खाली. आनंद यायला हालचाल थोडी तरी आपोआप व्हावी लागते, म्हणजे लक्ष मोकळं होऊन वारा, वेग, डोंगर हे सगळं जाणवेल, आणि तिथवर पोचायच्या आत बहुतेकांची आठवड्याची सुट्टी संपते. मग अकरा-साडेअकरा महिने बर्फाचं नाव नाही. एकदा पक्कं झालेलं कौशल्य वर्षानुवर्षं टिकतं, सायकलचं सगळ्यांना माहीत आहे, पण यादी म्हणत म्हणत शिकलेलं अर्धवट कौशल्य फार लवकर पुसट होतं आणि पुढच्या वर्षी जवळजवळ तिथूनच सुरुवात. त्यामुळे ज्याला खरंच शिकायचंय त्याने एकेका आठवड्याच्या दोन सुट्ट्या घेण्यापेक्षा सलग १४ दिवसांचा कोर्स करावा असं माझं ठाम मत आहे, असे कोर्स आपल्याकडे आहेत. आणि ज्याला नाही आवडलं त्याने सरळ नाही आवडलं म्हणावं.

ताई परत गुलमर्गला जाणार आहे, पण स्कीशिवाय. तिला तिथला बर्फ आणि जंगल आवडलंय, त्यात पायी फिरायचंय. स्नोशू भाड्याने मिळाले तर तेच घालणार, त्यांना खाली लोखंडी दात असतात, त्यामुळे पायाखाली पुन्हा पकड येते आणि टाच रोवून चालता येतं.